सामोआची माऊ चळवळ : गांधींकडून उचललेली की घरचीच?

प्रश्न असा आला आहे : "सामोआच्या माऊ चळवळीला 'पॅसिफिकमधला सत्याग्रह' म्हणतात. करबंदी, बहिष्कार, हसत तुरुंगात जाणं, सगळं आपल्यासारखंच. मग हा गांधीजींचा प्रभाव मानायचा का? एम.ए.च्या प्रबंधासाठी हा विषय धरू का? आणि त्या चळवळीचं आज काय उरलं आहे?"

विषय जरूर धरा, पण शीर्षक बदला. ऑकलंडमध्ये पॅसिफिकचा इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. भारतातून आलेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. माझ्या वर्गातली सामोअन मुलं त्यावर काही बोलत नसत, फक्त एकमेकांकडे बघत. आपल्या पणजोबांनी केलेल्या गोष्टीचं श्रेय परस्पर दुसऱ्याच्या खात्यावर जमा होताना कोणाला बरं वाटेल?

आधी तारखा बघा. सामोआ तेव्हा न्यूझीलंडच्या ताब्यात होता आणि माऊ त्याच राजवटीविरुद्ध होती. राजधानी आपियाच्या रस्त्यावर माऊच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला तो २८ डिसेंबर १९२९ रोजी. त्याच आठवड्यात लाहोरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री पूर्ण स्वराज्याची घोषणा झाली. दांडीयात्रा त्यानंतरची. बार्डोलीची करबंदी १९२८ ची, आणि सामोअन लोकांनी कर द्यायचं थांबवलं तेही त्याच सुमारास. म्हणजे दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी चाललेल्या दिसतात. हिंदुस्थानातल्या बातम्या न्यूझीलंडच्या वर्तमानपत्रांत छापून येत, आणि आपियाच्या व्यापाऱ्यांच्या हाती ती वर्तमानपत्रं पडत. त्यामुळे गांधींचं नाव तिथे कोणी ऐकलंच नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण नाव ऐकणं आणि शेकडो गावांनी एका दमात सरकारशी व्यवहार तोडणं यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर कशाने भरून निघालं हे शोधायला तुम्हाला सामोअन गावात शिरावं लागेल.

थोडी पार्श्वभूमी. १८९९ च्या करारात जर्मनी आणि अमेरिकेने ही बेटं वाटून घेतली. पश्चिमेची उपोलू आणि सावाई जर्मनीला, पूर्वेचं टुटुइला अमेरिकेला. ब्रिटनने इतरत्र मोबदला घेऊन अंग काढून घेतलं. १ मार्च १९०० रोजी मुलिनूउ इथे जर्मन झेंडा चढला. पहिला गव्हर्नर विल्हेल्म झोल्फ हा संस्कृतचा अभ्यासक, काही काळ कलकत्त्याच्या जर्मन वकिलातीत नोकरी केलेला. हुशार माणूस. त्याने सामोअन राजकारणाचा बारकाईने अभ्यास केला आणि मग त्याच्या मुळावरच घाव घातला. 'तुमुआ' आणि 'पुले' या वक्त्या सरदारांच्या परंपरागत गटांचं वजन त्याने काढून घेतलं. सर्वोच्च राजा म्हणजे जर्मन कैसर, आणि त्याच्या खाली एक सामोअन सरदार, अशी उतरंड त्याने लावली.

त्याला उत्तर मिळालं सावाईच्या साफोतुलाफाई गावातून. लाउआकी नामुलाउउलु मामोए हा तिथला नामांकित वक्ता. १९०८ मध्ये त्याने 'माऊ आ पुले' उभी केली. 'माऊ' म्हणजे ठाम धरलेलं मत. ही पहिली माऊ पूर्ण अहिंसक नव्हती, माणसं हत्यारं घेऊन जमत होती. पण जर्मन युद्धनौका आल्यावर लाउआकीने रक्तपात टाळला आणि स्वतःला हवाली केलं. १९०९ मध्ये त्याला इतर सरदारांसह, बायकामुलांसकट, सायपान बेटावर हद्दपार केलं. परतीच्या वाटेवर १९१५ मध्ये तो वारला, गाव काही त्याला पुन्हा दिसलं नाही. त्याने माऊ उभी केली तेव्हा गांधी अजून दक्षिण आफ्रिकेतच होते. प्रबंधात गांधींपर्यंत पोचायच्या आधी लाउआकीवर एक प्रकरण खर्च करा, ही माझी पहिली सूचना.

२९ ऑगस्ट १९१४ रोजी न्यूझीलंडचं सैन्य उतरलं आणि एक गोळीही न झाडता पश्चिम सामोआ त्यांच्या ताब्यात गेला. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, एक साहेब गेला दुसरा आला. मनावर घेतलं ते चार वर्षांनी. ७ नोव्हेंबर १९१८ ला ऑकलंडहून 'तालुने' नावाची बोट आपियाला लागली. बोटीवर इन्फ्लुएन्झाचे रुग्ण होते, तरी विलगीकरण न करता उतारूंना खाली उतरू दिलं. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे ८,५०० माणसं मेली. लोकसंख्या होती अडतीस हजारांच्या आसपास, म्हणजे पाचातलं एकाहून जास्त माणूस गेलं. घरंच्या घरं आजारी, मुडदे उचलायला कोणी नाही, सामुदायिक खड्डे खणले गेले.

पण सामोअन आठवणीत नुसता मृत्यूचा आकडा राहिलेला नाही. शेजारच्या अमेरिकन सामोआत त्याच साथीने एकही माणूस दगावलं नाही. तिथला गव्हर्नर पॉयर याने किनारे बंद केले आणि गावकऱ्यांना पहाऱ्यावर बसवलं. त्याने आपियाला वैद्यकीय मदत देऊ केली होती, न्यूझीलंडचा प्रशासक कर्नल लोगन याने ती घेतली नाही. दोन्हीकडे माणसं तीच, भाषा तीच, सोयरीकसुद्धा आपापसांत. फरक होता तो फक्त वर बसलेल्या अधिकाऱ्याचा. १९१९ मध्ये चौकशी आयोगाने प्रशासनाची हेळसांड मान्य केली, आणि त्याच वर्षी सामोअन प्रतिनिधींनी आम्हाला अमेरिकेच्या हाती द्या असा अर्ज केला. तो पुढे सरकला नाही. राष्ट्रसंघाने प्रदेश न्यूझीलंडच्याच पदरात घातला, 'पवित्र विश्वस्तपणा' म्हणून.

आता १९२३ ते २८ चा प्रशासक, मेजर जनरल जॉर्ज रिचर्डसन. याला खलनायक करणं सोपं आहे आणि कंटाळवाणंही. त्याला सामोअन लोकांविषयी प्रेम होतं, त्याने आरोग्यसमित्या काढल्या, भाषा शिकायचा प्रयत्न केला. त्याची अडचण अशी, की लोकांचं भलं कशात आहे हे त्याला त्यांच्यापेक्षा चांगलं कळतं याची त्याला खात्री होती. त्याने कुळांची सामाईक जमीन माणशी वाटायचा घाट घातला. 'मालांगा', म्हणजे लवाजम्यानिशी दुसऱ्या गावी पाहुणचाराला जाण्याची पद्धत, तिच्यावर निर्बंध आणले. 'इए तोंगा' या बारीक विणीच्या मौल्यवान चटयांची देवाणघेवाण हा त्याच्या लेखी वेळेचा अपव्यय. आणि जो आड येईल त्याच्यासाठी १९२२ चा वटहुकूम होताच. त्यानुसार प्रशासक कुठल्याही सरदाराचा किताब काढून घेऊ शकत होता आणि त्याला गावाबाहेर काढू शकत होता, खटला न चालवता.

हा किताब म्हणजे 'मताई'पद. 'आइगा', म्हणजे विस्तारित कूळ, आपल्यातून एकाला मताई निवडतं. तो जमिनीची वहिवाट बघतो, गावच्या 'फोनो'त, म्हणजे मताईंच्या बैठकीत, कुळाच्या वतीने बसतो. पद कुळाचं, माणूस ते सांभाळणारा. वेलिंग्टनहून आलेल्या अधिकाऱ्याने ते काढून घेणं ही सामोअन डोळ्यांना नुसती शिक्षा वाटली नाही, देणारे आपण असताना काढणारा हा कोण, असा तो प्रश्न होता. तुपुआ तामासेसे लेआलोफी (तिसरे) हे देशातल्या सर्वांत मोठ्या किताबांपैकी एकाचे धनी. त्यांच्यावर वटहुकूम चालला तो आपल्या कुळाच्या जागेतलं जास्वंदीचं कुंपण काढायला नकार दिल्यामुळे. साम्राज्यं अशा कुंपणांपाशी अडतात, आणि विद्यार्थी मात्र जाहीरनामे शोधत बसतात.

१९२६ मध्ये आपियात सभा झाल्या, १९२७ मध्ये संघटना उभी राहिली. घोषणा होती 'सामोआ मो सामोआ', सामोआ सामोअन लोकांसाठी. पुढाऱ्यांत सगळ्यांत ठळक नाव ओलाफ फ्रेडरिक नेल्सन यांचं. वडील स्वीडिश, आई सामोअन, आपियातले बडे व्यापारी आणि 'ताइसी' या किताबाचे धनी. इथे तुम्हाला सावध राहावं लागेल. न्यूझीलंड सरकार म्हणत होतं की हे सगळं नेल्सनचं कारस्थान, साध्याभोळ्या सामोअन लोकांना त्याने चिथावलं. कारण काय, तर रिचर्डसनने सरकारमार्फत खोबऱ्याची निर्यात सुरू केली आणि व्यापाऱ्यांच्या नफ्याला धक्का लागला. यात खोटं काहीच नाही. नेल्सनचा स्वार्थ होता. पण व्यापाऱ्याच्या नफ्यासाठी हजारो माणसं मुलांची शाळा बंद करत नाहीत. सरकारविरोधी अर्जावर सुमारे आठ हजार करदात्या पुरुषांची नावं होती, आणि असे पुरुष सगळे मिळून साडेनऊ हजारांच्या आतच. १९२८ मध्ये नेल्सनना हद्दपार केल्यावर चळवळ थंडावायला हवी होती. ती वाढली.

कशी वाढली ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. कर बंद. सरकारी समित्यांच्या बैठका बंद. जन्ममृत्यूची नोंद बंद. खोबरं काढणं बंद. माऊचे स्वयंसेवक निळा लावालावा, म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र, नेसत, त्यावर पांढरा पट्टा, आणि गोऱ्या व्यापाऱ्यांच्या दुकानांबाहेर उभे राहून गिऱ्हाइकांना परत पाठवत. फेब्रुवारी १९२८ मध्ये दोन युद्धनौका आल्या, चारशेच्या आसपास माणसं पकडली. मग आणखी माणसं आम्हालाही पकडा म्हणून पुढे आली. कोंडायला जागा नाही, खायला घालायचं काय हाही प्रश्न, शेवटी सोडून द्यावं लागलं.

हे सगळं शक्य झालं कारण गावपातळीवर हुकूम चालवणारी यंत्रणा आधीपासून उभी होती. फोनोने ठरवलं की गाव पाळतं, जो पाळत नाही त्याला दंड होतो, डुकरं आणि चटया भराव्या लागतात, फार झालं तर गाव सोडावं लागतं. वक्त्या सरदारांना गावोगावच्या परंपरागत मानसन्मानाच्या जागा तोंडपाठ असत, निरोप कोणाकडून कोणाकडे जायचा हे ठरलेलं असे. काँग्रेसला तालुका समित्या बांधाव्या लागल्या, माऊला बांधाव्या लागल्या नाहीत. ज्या मालांगावर रिचर्डसन चिडला होता, त्याच वाटांनी चळवळ फिरली.

यातून एक गैरसोयीची गोष्ट निघते आणि ती प्रबंधात लपवू नका. माऊची अहिंसा ही प्रत्येकाच्या अंतःकरणाला झालेला साक्षात्कार नव्हती. तिच्यामागे गावाची सक्ती होती. दुकानाबाहेरचा निळ्या लावालावातला तरुण हात जोडत नव्हता, तो वाट अडवत होता. सत्याग्रहाच्या गांधीप्रणीत व्याख्येत हे बसवायला गेलात तर एकतर व्याख्या ताणाल किंवा पुरावा झाकाल.

२८ डिसेंबर १९२९ चा दिवस सामोआत 'काळा शनिवार' म्हणून ओळखतात. न्यूझीलंडच्या हद्दपारीतून परतलेल्या सहकाऱ्याचं स्वागत करायला माऊची मिरवणूक वाजतगाजत आपियाच्या किनाऱ्याच्या रस्त्याने निघाली. तिच्यात चालणाऱ्या चिटणिसाला पकडायचं पोलिसांनी ठरवलं. झटापट झाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, मग पोलीस ठाण्यातून लुईस मशीनगन चालली. एक न्यूझीलंडर शिपाई जमावाच्या हातून मारला गेला. सामोअन मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ ते अकरा सापडतो. तामासेसे पुढे होऊन शांततेचं आवाहन करत असताना त्यांना गोळी लागली, दुसऱ्या दिवशी ते गेले. कर न भरल्याबद्दल न्यूझीलंडच्या तुरुंगात सहा महिने काढून आलेला हा माणूस. आपल्या रक्ताचा सूड घेऊ नका, ते शांततेसाठी सांडलं आहे, असा त्यांचा निरोप होता, आणि तो पाळला गेला.

त्यानंतर माऊ बेकायदा ठरली. पुन्हा युद्धनौका, गावांवर छापे. पुरुष डोंगरातल्या रानात गेले. तेव्हा स्त्रियांची माऊ पुढे आली. तामासेसेंची पत्नी आला, नेल्सनची पत्नी रोझाबेल, तुइमालेआलीइफानो आणि फाउमुइना या माऊच्या पुढाऱ्यांच्या घरच्या स्त्रिया अशांनी ती चालवली. मिरवणुका निघत राहिल्या. अधिकाऱ्यांनी या स्त्रियांविषयी जे गलिच्छ शेरे लिहून ठेवले आहेत ते वाचल्यावर कळतं, की बंदुकीचा उपयोग कुठे संपतो हे त्यांना समजलं होतं. माझ्या मते संशोधनाला सगळ्यांत जास्त वाव इथे आहे.

मधली वर्षं झटपट सांगते. नेल्सन १९३३ मध्ये परतले, पुढच्या वर्षी पुन्हा शिक्षा आणि हद्दपारी. १९३५ च्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये मजूर पक्ष आला, १९३६ मध्ये नेल्सन सन्मानाने परत आले, माऊला मान्यता मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांकडे स्वराज्याची मागणी गेली, १९६१ मध्ये सार्वमत झालं आणि १ जानेवारी १९६२ रोजी पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. पॅसिफिकमधल्या बेटांत विसाव्या शतकातलं हे पहिलं स्वातंत्र्य. नव्या देशाला एकाच वेळी दोन राष्ट्रप्रमुख होते, त्यांपैकी एक तामासेसेंचे भाऊ. या भावाचा मुलगा तुपुआ तामासेसे एफी हा आईकडून नेल्सनचा नातू. तो पुढे पंतप्रधान झाला, राष्ट्रप्रमुखही झाला.

आता तुमचा शेवटचा भाग, आज काय उरलं.

पहिली गोष्ट घरातली. ज्या मताई व्यवस्थेने साम्राज्याला नमवलं तिनेच स्वतंत्र देशाची घटना लिहिली. परिणाम असा की १९९० पर्यंत मतदानाचा हक्क जवळजवळ फक्त मताईंना होता. त्या वर्षी सार्वमताने तो एकवीस वर्षांवरच्या सर्वांना मिळाला, तरी उमेदवारी बहुतांश मताईंचीच राहिली. मताईंमध्ये स्त्रिया फार थोड्या, त्यामुळे संसदेतही थोड्या. २०२१ मध्ये फियामे नाओमी माताआफा पंतप्रधान झाल्या, पहिल्या पंतप्रधानांची ही मुलगी. दुसरीकडे देशातली सुमारे ८० टक्के जमीन आजही कुळांच्या ताब्यात आहे. हवाई किंवा न्यू कॅलेडोनियाच्या जमिनीचं काय झालं ते पाहिलं की याची किंमत कळते. एकच संस्था दोन्ही करते. लोकशाहीला आडवी येते आणि जमीन वाचवते. यातलं एकच वाक्य उचलून तिला 'सरंजामी' किंवा 'देशी लोकशाही' म्हणणारे लेख भरपूर आहेत, त्यांपासून दूर राहा.

दुसरी गोष्ट, ज्यांना माऊच्या घोषणेत जागा नव्हती ते. जर्मनांनी मळ्यांवर कराराचे चिनी मजूर आणले, मेलानेशियातूनही माणसं आणली. न्यूझीलंडने १९२१ च्या कायद्यात चिनी मजूर आणि सामोअन स्त्री यांच्या विवाहाला बंदी घातली, आणि पुष्कळ सामोअन पुढाऱ्यांना ती पसंत होती. 'सामोआ सामोअन लोकांसाठी' या घोषणेची ही बाजू. आज चिनी वंशाचं रक्त कितीतरी सामोअन घरांत आहे, वंशावळ सांगताना मात्र आवाज खाली येतो.

तिसरी गोष्ट न्यूझीलंडमधली, आणि माझ्या लेखी वारसा म्हणून हीच सगळ्यांत जिवंत. युद्धानंतर इथल्या कारखान्यांना हात हवे होते म्हणून सामोअन बोलावले गेले. सत्तरच्या दशकात मंदी आल्यावर तेच व्हिसाच्या 'मुदतीपलीकडे राहिलेले' ठरले आणि पहाटे घरांत घुसून पोलीस कागद तपासू लागले. नंतरच्या पाहणीत, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, मुदतीपलीकडे राहिलेल्यांत पॅसिफिकचे लोक एक तृतीयांश आणि खटल्यांत ८६ टक्के असं दिसलं. त्यातल्याच एका स्त्रीने, फालेमाई लेसा यांनी, कायद्यालाच हात घातला. १९८२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे न्यूझीलंडसाठी तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, निकाल दिला, की १९२४ ते १९४८ दरम्यान पश्चिम सामोआत जन्मलेले लोक ब्रिटिश प्रजाजन होते, म्हणून १९४९ पासून ते न्यूझीलंडचे नागरिक. ज्या राजवटीने मशीनगन चालवली तिच्याच कायद्यातून हा हक्क निघाला. न्यूझीलंडच्या संसदेने त्याच वर्षी घाईने कायदा करून तो काढून घेतला. एक लाखाच्या आसपास लोकांचं नागरिकत्व गेलं, असा तेव्हाचा अंदाज.

आज न्यूझीलंडमध्ये सामोअन वंशाचे दोन लाखांहून अधिक लोक राहतात, जवळजवळ सामोआच्या लोकसंख्येइतकेच. तरीही सामोआतून इथे कायमचं यायचं असेल तर दरवर्षी ठरावीक जागांसाठी सोडत निघते, म्हाडाच्या घरांची निघते तशी. २००२ मध्ये पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात जाऊन साथ, गोळीबार आणि हद्दपाऱ्या यांबद्दल माफी मागितली. पहाटेच्या छाप्यांबद्दल २०२१ मध्ये जसिंडा आर्डर्न यांनी मागितली. नागरिकत्वाचा प्रश्न दोन्ही माफ्यांच्या बाहेर राहिला. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रीन पक्षाचे खासदार तेआनाउ तुइओनो यांच्या विधेयकाने १९२४ ते १९४८ मध्ये जन्मलेल्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करायचा मार्ग मोकळा केला. हे लोक आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या मुला-नातवंडांना या कायद्याने काही मिळत नाही.

प्रबंधासाठी काही व्यावहारिक सूचना. त्या काळातली न्यूझीलंडची वृत्तपत्रं 'पेपर्स पास्ट' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, पुण्यात बसून तुमचं निम्मं काम होईल. सरकारी अहवाल वाचताना एक खूण सांगते. जिथे जिथे 'मूठभर चिथावणीखोर' असा शब्दप्रयोग येईल, तिथे त्या महिन्यात गावांच्या फोनोंनी काय ठरवलं होतं ते शोधा. तुलनाच करायची असेल तर गांधींच्या आधी न्यूझीलंडमधल्याच पारिहाका गावाशी करा. तिथे १८८१ मध्ये सोळाशेच्या आसपास सशस्त्र माणसांसमोर माओरींनी मुलांना गाणी म्हणायला आणि पाव वाटायला उभं केलं होतं. वेलिंग्टनच्या सरकारला निःशस्त्र लोकांवर चालून जायचा सराव सामोआच्या अर्धं शतक आधीपासून होता. आणि बार्डोली घ्यायचीच असेल तर प्रभाव म्हणून घेऊ नका. तिथे करबंदी गावागावांत कोणी पाळायला लावली आणि न पाळणाऱ्याचं काय झालं, एवढाच प्रश्न घ्या. तो दोन्हीकडे सारखाच विचारता येईल.